हिवाळ्यातले शहरी धुरके कसे ओळखावे आणि कसे मोजावे

हिवाळ्याच्या सकाळी दूरच्या इमारती दिसेनाशा झाल्या की ‘आज धुके पडले आहे’ असे म्हणून आपण मोकळे होतो. प्रत्यक्षात दूरचे न दिसण्याची कारणे निदान तीन असतात. हवेत पाण्याचे थेंब असले तर ते धुके; वाऱ्याने किंवा वाहतुकीने उडवलेले मातीचे कण असले तर ती धूळ; आणि ज्वलनातून निघालेले, तसेच वायूंपासून हवेतच तयार झालेले अतिसूक्ष्म कण बाष्प शोषून फुगलेले असले तर ते धुरके. शहरांत बहुतेक वेळा या तिघांचे मिश्रण असते, पण त्यात कोणाचा वाटा मोठा आहे यावर त्या दिवशी खिडक्या उघडाव्यात की मिटाव्यात, सकाळी धावायला जावे की दुपारी, आणि तक्रार करायची झाल्यास ती कशाबद्दल करावी, हे सारे अवलंबून असते. हा वाटा कोणालाही बऱ्यापैकी ओळखता येतो. त्यासाठी लागते ती एक गच्ची किंवा मोकळ्या बाजूची खिडकी, एक आर्द्रतामापक, जवळच्या हवा-मापन केंद्राचे तासागणिक आकडे आणि एक वही.

कणांचा आकार

काम सुरू करण्यापूर्वी कणांच्या आकाराची कल्पना पक्की करून घ्यावी, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. पीएम १० म्हणजे १० मायक्रोमीटरपर्यंत व्यासाचे कण आणि पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रोमीटरपर्यंतचे. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर असते, यावरून अंदाज यावा. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर असते, आणि ज्या कणांचा आकार या तरंगलांबीच्या आसपास असतो ते आपल्या वजनाच्या मानाने सर्वाधिक प्रकाश विखुरतात. गोल कणांकडून प्रकाश कसा विखुरला जातो याचे गणित गुस्टाव्ह मी या जर्मन शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये मांडले आणि धुरक्याचा हिशेब आजही त्याच पायावर होतो.

एक उदाहरण कागदावर सोडवून पाहावे. १० मायक्रोमीटर व्यासाच्या एका कणाएवढ्याच वजनाचे ०.५ मायक्रोमीटरचे कण घेतले तर ते ८००० भरतात, आणि प्रकाशाच्या वाटेत येणारे त्यांचे एकूण क्षेत्रफळ त्या एका कणाच्या २० पट होते. रस्त्यावरची धूळ वजनाने जास्त भरली तरी क्षितिज पुसण्याचे काम मुख्यतः बारीक कण करतात, ते यामुळे. दुसरा फरक खाली बसण्याचा आहे. अगदी स्थिर हवेत १० मायक्रोमीटरचा कण दिवसाला सुमारे अडीचशे मीटर खाली येतो, तर १ मायक्रोमीटरचा कण जेमतेम ३ मीटर. बारीक कण आपोआप खाली बसतील ही आशा म्हणूनच फोल आहे. ते वाऱ्याने वाहून जावे लागतात किंवा चांगल्या पावसाने धुतले जावे लागतात, आणि ०.१ ते १ मायक्रोमीटरच्या दरम्यानच्या कणांना तर पावसाचे पडते थेंबही सहजासहजी पकडत नाहीत. हलकी भुरभुर होऊन गेल्यावर हवा स्वच्छ होण्याऐवजी कधी कधी अधिकच धूसर दिसते, कारण कण जागच्या जागी राहिलेले असतात आणि आर्द्रता तेवढी वाढलेली असते.

यांतले काही कण इंजिने, भट्ट्या, चुली आणि जळता कचरा यांतून काजळी व धूर म्हणून थेट बाहेर पडतात. पण बऱ्याच शहरांत मोठा वाटा हवेतच जन्माला येतो. गंधकयुक्त इंधन जळून निघालेल्या सल्फर डायऑक्साइडपासून सल्फेट बनते. वाहने आणि कारखाने यांच्या नायट्रोजन ऑक्साइडपासून नायट्रिक आम्ल बनते, आणि शेती, जनावरे व सांडपाणी यांतून येणारा अमोनिया त्याला मिळाला की अमोनियम नायट्रेट तयार होते. हा क्षार उबदार हवेत पुन्हा वायुरूप होतो, थंडीत मात्र कणाच्या रूपात टिकतो. उत्सर्जन वर्षभर सारखेच राहिले तरी हिवाळ्यात कणांचे वजन वाढण्याचे हे एक कारण आहे आणि त्याकडे फार कमी लक्ष दिले जाते.

दृश्यमानतेच्या खुणा ठरवणे

आता प्रत्यक्ष कामाकडे वळावे. एखाद्या स्वच्छ दिवशी, शक्यतो पावसानंतर हवा निवळलेली असताना, गच्चीवर उभे राहून वेगवेगळ्या अंतरांवरच्या पाच-सहा खुणा निवडाव्यात. साधारण ५०० मीटर, १ किलोमीटर, २, ५ आणि १० किलोमीटर अशी अंतरे मिळाली तर उत्तम. अंतर नकाशावर मोजून घ्यावे, अंदाजाने लिहू नये. खूण गडद रंगाची असावी आणि तिच्यामागे आकाश असावे. पांढरी भिंत निवडली तर ऊन बदलेल तशी ती उजळते किंवा मंदावते आणि नोंद फसते. खूण फार लहानही नसावी: पूर्ण चंद्राचे बिंब डोळ्याला जेवढे दिसते, निदान तेवढी ती दिसायला हवी. सूर्य ज्या बाजूला असेल त्या बाजूला पाहून नोंद करू नये, कारण या आकाराचे कण प्रकाशाचा बराचसा भाग पुढच्या दिशेने फेकतात; सूर्याकडे पाहिले तर साधी धूसरताही भयंकर वाटते आणि सूर्याकडे पाठ केली तर दाट धुरकेही सौम्य भासते.

‘दिसते’ किंवा ‘दिसत नाही’ एवढेच लिहून थांबू नये. एक किलोमीटरवरची उंच पाण्याची टाकी खूण म्हणून घेतली असेल, तर हवा बिघडत जाते तसतशी आधी टाकीला लावलेली लोखंडी शिडी नाहीशी होते, मग टाकीचे खांब वेगवेगळे ओळखू येईनासे होऊन तिथे एकच राखाडी पट्टा उरतो, आणि शेवटी टाकीची कडाच आकाशात मिसळून जाते. या टप्प्यांची नोंद ठेवली तर थोड्याच दिवसांत डोळा इतका तयार होतो की दोन खुणांच्या मधले अंतरही ठरवता येते. नोंद रोज ठरलेल्या दोन वेळांना घ्यावी: एक सूर्योदयानंतर साधारण दोन तासांनी आणि दुसरी दुपारी तीनच्या सुमारास. दुपारच्या नोंदीचा कंटाळा करू नये. दोन्ही नोंदींची तुलना केल्याशिवाय सकाळच्या नोंदीचा अर्थ लागत नाही.

दृश्यमानतेवरून हवेतील धूसरतेचा आकडा काढता येतो. हाराल्ड कोश्मीडर यांनी १९२४ मध्ये दिलेल्या सूत्रानुसार ३.९ या संख्येला किलोमीटरमधील दृश्यमानतेने भागले की दर किलोमीटरमागे प्रकाश किती क्षीण होतो ते कळते. ज्या हवेत केवळ वायूंचे रेणू आहेत आणि कण मुळीच नाहीत, तिच्यासाठी हा आकडा समुद्रसपाटीला ०.०१२ च्या आसपास येतो, म्हणजे तत्त्वतः तीनशे किलोमीटरपलीकडचेही दिसावे. आता समजा, मापन केंद्र पीएम २.५ चे प्रमाण १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर दाखवत आहे. कोरडा बारीक कण दर मायक्रोग्रॅममागे साधारण ०.००३ ते ०.००४ एवढी क्षीणता आणतो, तेव्हा १०० मायक्रोग्रॅममुळे ती ०.३५ च्या जवळपास होईल आणि दृश्यमानता ११ किलोमीटर यावी. पण गच्चीवरून प्रत्यक्षात ४ किलोमीटरपर्यंतच दिसत असेल, तर एकूण क्षीणता १ च्या आसपास आहे. उरलेली दोन-तृतीयांश क्षीणता कुठून आली? तिचा बहुतांश भाग कणांनी शोषलेल्या पाण्याचा असतो. डोळ्यांना दिसणारे धुरके आणि केंद्रावरचा आकडा यांत पडणारी ही तफावत हीच या साऱ्या खटाटोपातली सर्वांत मोलाची माहिती आहे असे मला वाटते. लोक मात्र तिलाच यंत्राची चूक समजून सोडून देतात. डोळ्यांनी केलेले मापन काटेकोर नसते, त्यामुळे या हिशेबातून दशांशापर्यंतचे उत्तर काढण्याच्या भरीस पडू नये. दुपटी-तिपटीचा फरक तेवढा विश्वासाने धरावा.

आर्द्रता वाचणे

आर्द्रतामापक सावलीत, भिंतीपासून थोडा दूर आणि स्वयंपाकघराच्या किंवा न्हाणीघराच्या हवेपासून लांब ठेवावा. दृश्यमानतेची नोंद करताना त्याच वेळी सापेक्ष आर्द्रताही लिहावी. कणांतले क्षार एका ठरावीक आर्द्रतेनंतर पाणी ओढून द्रवरूप होतात: २५ अंश सेल्सिअसला अमोनियम नायट्रेट सुमारे ६२ टक्क्यांना, मीठ ७५ टक्क्यांना आणि अमोनियम सल्फेट ८० टक्क्यांना. शहरातल्या कणांत सेंद्रिय पदार्थ आणि काजळीही मिसळलेली असल्याने हा बदल एका झटक्यात न होता हळूहळू होतो, पण दिशा तीच राहते. आर्द्रता ९० टक्क्यांवर पोहोचली की शुद्ध अमोनियम सल्फेटच्या कणाचा व्यास जवळपास १.७ पट होतो, म्हणजे घनफळ सुमारे पाच पट. कणांची संख्या तीच, कोरडे वजनही तेच, तरी दृश्यमानता निम्म्याहून खाली येऊ शकते.

उलट प्रवासात एक खुबी आहे. ऊन चढल्यावर आर्द्रता कमी होते तेव्हा हे कण ज्या आर्द्रतेला पाणी प्यायले होते त्याच आर्द्रतेला ते सोडत नाहीत. अमोनियम सल्फेटचा थेंब ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत पाणी धरून राहू शकतो. आर्द्रतामापक ६० टक्के दाखवत असतानाही धुरके रेंगाळलेले दिसले तर मापक बिघडला आहे असे समजण्याची घाई करू नये.

आर्द्रता १०० टक्क्यांच्या किंचित वर गेली की यांतले काही कण धुक्याचे बीज बनतात आणि भराभर वाढून कित्येक मायक्रोमीटरचे थेंब होतात. दृश्यमानता १ किलोमीटरच्या खाली आली आणि हवा संपृक्त झालेली (म्हणजे आणखी बाष्प मावू न शकणारी) असली की हवामानशास्त्रात त्याला धुके म्हणतात. शहरात बीजकण भरपूर असल्यामुळे तेवढेच पाणी अधिक थेंबांत वाटले जाते. थेंब बारीक राहतात, लवकर खाली बसत नाहीत आणि धुके दाट व चिवट होते.

नोंदीवरून निदान करताना पुढील रीत वापरावी. आर्द्रता ९५ टक्क्यांच्या वर आणि दृश्यमानता किलोमीटरच्या आत असेल तर मुख्यतः धुके, पण पीएम २.५ किती आहे ते पाहिल्याशिवाय हवा निर्धोक मानू नये. आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली असूनही ४-५ किलोमीटरपलीकडचे दिसत नसेल तर कणांचे प्रमाण खरोखरच फार आहे. हे धुरके सर्वांत गांभीर्याने घ्यावे, कारण इथे दोष पाण्यावर ढकलता येत नाही. अशा वेळी पीएम २.५ ला पीएम १० ने भागावे. भागाकार ०.६ किंवा त्याहून जास्त आला तर ज्वलनाचे आणि हवेत तयार झालेले कण वरचढ आहेत, ०.३ च्या आसपास आला तर धुळीचा जोर आहे. मधल्या पट्ट्यात, म्हणजे ८० ते ९५ टक्के आर्द्रतेत, ओले धुरके असते आणि हिवाळ्यातल्या बहुतेक सकाळी याच पट्ट्यात मोडतात.

हवेवरचे झाकण

कण आणि पाणी यांच्या जोडीला तिसरी गोष्ट हवी असते, ती म्हणजे त्यांना कोंडून ठेवणारी हवा. एरवी उंचीबरोबर तापमान दर किलोमीटरला सरासरी ६.५ अंशांनी उतरते. हिवाळ्यातल्या निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन उष्णता गमावून झपाट्याने थंड होते, तिच्या लगतची हवाही थंड होते आणि वरची हवा तुलनेने उबदार राहते. तापमानाच्या या विपरीततेमुळे खालची जड हवा वर उठत नाही आणि शहराचा धूर पातळशा थरात अडकतो. हवा ज्या उंचीपर्यंत घुसळली जाते ती उंची १५०० मीटरवरून ३०० मीटरवर आली, तर तेवढ्याच धुराने कणांचे प्रमाण पाचपट होते. मग दाट धुरके दिवसा ऊन अडवते, जमीन कमी तापते, झाकण उशिरा उघडते आणि दुसऱ्या दिवशीच्या धुरक्याची तयारी आदल्या दिवशीच होऊन बसते.

विपरीतता ओळखण्यासाठी सूर्योदयाच्या सुमारास एखाद्या धुरांड्याकडे पाहावे. धूर थोडा वर चढून एखाद्या अदृश्य छताला लागल्यासारखा आडवा पसरत असेल तर झाकण बसलेले आहे. अधिक खात्री हवी असल्यास हवामान खात्याच्या, वर चढता चढता तापमान मोजणाऱ्या फुग्यांची निरीक्षणे पाहावीत; जगभर ती आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेनुसार मुख्यतः ० आणि १२ वाजता घेतली जातात. आलेखात जमिनीपासून वर जाताना तापमानाची रेघ उबदार बाजूला झुकत असेल तर ती विपरीतता. सूर्योदयानंतर दोन-तीन तासांत झाकण विरघळू लागते आणि तेव्हा वर अडकलेला धूर खाली मिसळून प्रमाण काही काळ वाढूही शकते. ‘ऊन पडले, आता हवा सुधारली’ असा निष्कर्ष म्हणूनच लगेच काढू नये.

ही तिन्ही कारणे एकत्र आली की काय होते ते लंडनने ५ ते ९ डिसेंबर १९५२ या दिवसांत पाहिले. वाऱ्याविना स्थिरावलेली थंड हवा, घराघरांतून जळणारा कोळसा आणि धुके यांच्या संगतीने जे धुरके दाटले त्यात सुमारे ४००० माणसे दगावल्याचा अंदाज त्या वेळी करण्यात आला. नंतरच्या अभ्यासांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला. ब्रिटनचा १९५६ चा स्वच्छ हवा कायदा त्यातूनच आला. हवामान तेव्हाही कोणाच्या हातात नव्हते, कोळसा मात्र होता.

आकडे आणि यंत्रे

मापन केंद्राचा हवा-गुणवत्ता निर्देशांक बहुधा २४ तासांच्या सरासरीवर बेतलेला असतो. सकाळच्या धुरक्याचा अर्थ लावायचा असेल तर निर्देशांक बाजूला ठेवून मायक्रोग्रॅममधला तासाचा आकडा पाहावा. तुलनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक पातळी ध्यानात ठेवावी: पीएम २.५ साठी २४ तासांची सरासरी १५ आणि वर्षाची ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर.

घरगुती स्वस्त संवेदक वापरत असाल तर एक गोष्ट कटाक्षाने लक्षात घ्यावी. हे संवेदक कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतात आणि त्यावरून वजनाचा अंदाज करतात, त्यामुळे दमट सकाळी ओले, फुगलेले कण त्यांना जास्त वजनाचे वाटतात. केंद्रावरची प्रमाणित यंत्रे हवेचा नमुना तापवून किंवा वाळवून घेतात. तुमचा संवेदक सकाळी केंद्राच्या दुप्पट आणि दुपारी जवळपास तेवढाच आकडा दाखवत असेल तर तो पाणी मोजतो आहे असे समजावे आणि ८० टक्क्यांवरच्या आर्द्रतेतले त्याचे आकडे वहीत वेगळ्या खुणेने लिहावेत. केवळ उपग्रहाच्या चित्रांवरही विसंबू नये; उपग्रह जमिनीपासून वरपर्यंतच्या संपूर्ण हवेतले कण मोजतो, श्वासाच्या पातळीवरचे नव्हे, आणि धुके किंवा ढग असले की त्याला खालचे दिसतच नाही.

रंगाचाही थोडा उपयोग होतो. पांढुरके धुरके बहुधा ओल्या क्षारांचे असते, काळसर करड्या छटेत काजळीचा हात असतो, आणि क्षितिजालगतच्या तपकिरी पट्ट्यात निळा प्रकाश शोषणाऱ्या नायट्रोजन डायऑक्साइडचाही वाटा असू शकतो. रात्री अंधाऱ्या जागी टॉर्च लावून तिचा झोत बाजूने पाहावा: स्वच्छ हवेत तो जेमतेम दिसतो, धुरक्यात ठळक उमटतो.

नोंदींवरून काय करावे

घराच्या खिडक्या ज्या वेळी हवा सर्वाधिक घुसळलेली असते, म्हणजे साधारणपणे दुपारी, उघडाव्यात. पण आधी तासाचा आकडा पाहावा. धावणे, लहान मुलांचे मैदानी खेळ आणि ज्येष्ठांचे फिरणे विपरीततेच्या दिवशी पहाटेवरून दुपारकडे सरकवावे. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी अशा दिवशी धुक्याच्या सौंदर्याला भुलून बाहेर पडू नये, हे मी आग्रहाने सांगेन. बाहेर जाणे अटळ असेल तर चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मुखपट्टा वापरावा, तो ०.३ मायक्रोमीटरच्या आसपासचे निदान ९५ टक्के कण अडवतो, जे साध्या कापडाच्या पट्टीला जमत नाही. घरात हवा शुद्ध करणारे यंत्र घ्यायचे असल्यास त्यात हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणारी) गाळणी आहे ना, हे पाहावे.

रस्त्यावर पाणी फवारल्याने उडणारी जाडी धूळ दबते, पण भागाकार ०.६ च्या वर असेल त्या दिवशी धुरक्याला त्याने फारसा फरक पडत नाही. त्या दिवशी मागणी करायची ती कचरा, पालापाचोळा व लाकूड जाळणे थांबवण्याची, आणि जनित्रे, भट्ट्या व जुन्या डिझेल वाहनांवर नियंत्रण आणण्याची. तीही धुरके दाटल्यावर नव्हे, तर शांत आणि निरभ्र रात्रीचा अंदाज जाहीर होताच, कारण वायूंपासून कण बनायला काही तास ते काही दिवस लागतात. स्थानिक प्रशासनाकडे अर्ज करताना वहीतली तारीख, वेळ, दिसलेली शेवटची खूण व तिचे अंतर, आर्द्रता, दोन्ही कणांचे तासाचे आकडे आणि धूर कोणत्या दिशेने येत होता, या सर्वांची प्रत जोडावी, आणि शक्य असल्यास त्याच खुणेचे स्वच्छ दिवशी त्याच जागेवरून काढलेले छायाचित्रही द्यावे.